जुन्या पुस्तकी लायसन्सची नोंद ‘सारथी’वर सापडत नाही, नेमके काय तपासावे?

सांजवारा

नमस्कार. माझे लायसन्स फेब्रुवारी २००६ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका परिवहन कार्यालयातून मिळालेले आहे. ते कार्ड नसून जुन्या पद्धतीचे पुस्तक आहे. गिअरची दुचाकी आणि हलके मोटार वाहन या दोन्हींची नोंद त्यात हाताने केलेली असून, मुदत वीस वर्षांची म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. ती संपल्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज भरण्यासाठी ‘सारथी’ संकेतस्थळावर गेले असता, लायसन्सचा क्रमांक व जन्मतारीख भरल्यावर अशी नोंद उपलब्ध नाही असा संदेश येतो आणि अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. डिजिलॉकर आणि एमपरिवहन ॲप या दोन्ही ठिकाणीही उत्तर तेच.

पुस्तकावरचा क्रमांक तिरप्या रेघांनी तोडून लिहिलेला आहे. आधी राज्य आणि कार्यालय, मग वर्षाचे ‘०६’ असे दोनच अंक आणि शेवटी पाच अंकी अनुक्रमांक. तो जसाच्या तसा भरून पाहिला, रेघा काढूनही भरून पाहिला. आणखी एक अडचण म्हणजे अनुक्रमांकाच्या शेवटच्या अंकावर गोल शिक्क्याची कड आलेली असून, तो अंक १ आहे की ७ हे भिंगातून पाहूनही ठामपणे सांगता येत नाही. माझी जन्मतारीख १ जून १९७८ आहे. पुस्तकात, आधार कार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच आहे.

आता मी दुसऱ्या जिल्ह्यात राहते. इथल्या एका एजंटाने पुस्तक उघडूनही न पाहता सांगितले की, नोंदच नाही, तेव्हा जुने विसरा आणि शिकाऊ लायसन्सपासून नवीन काढा. वीस वर्षे गाडी चालवल्यानंतर असे करणे मला पटत नाही. नोंद खरोखरच नाही की शोधण्यात काही चुकते आहे, हे कसे ओळखावे? नसल्यास अर्ज कोणत्या कार्यालयाकडे करावा, मूळ की आताच्या? आणि या सगळ्यात नूतनीकरणाची मुदत निघून गेली तर काय होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आकडेमोड

आपल्या वर्णनावरून तरी नोंद नाही असा निष्कर्ष काढण्याची वेळ अजून आलेली नाही. हा शोध क्रमांक आणि जन्मतारीख या जोडीवर चालतो आणि जोडी तंतोतंत जुळली तरच पान उघडते. दोन्हींपैकी एकात एका अंकाचा फरक असला तरी यंत्रणा ‘साधारण असे काहीतरी सापडले’ असे सांगत नाही, सरळ नाही म्हणते. ते योग्यही आहे, कारण अर्धवट माहितीवर दुसऱ्याचे लायसन्स उघडता आले असते तर त्याचा गैरवापर थांबवणे कठीण झाले असते. मात्र याचा परिणाम असा होतो की, नोंद मुळात नसणे, क्रमांक वेगळ्या रूपात असणे आणि जन्मतारीख चुकीची चढलेली असणे या तिन्ही वेगवेगळ्या दोषांना आपल्याला पडद्यावर एकच उत्तर दिसते.

डिजिलॉकर, एमपरिवहन आणि सारथी या तिन्ही खिडक्या एकाच कोठारात उघडतात. त्यामुळे तिन्हींकडे नकार मिळाला म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे मिळाले असे होत नाही. डिजिलॉकरमध्ये तर आधारवरील नावाशी मेळ बसतो का, हीही अट असते. आपल्याकडे जुन्या कागदांवर आडनाव आधी लिहिण्याची पद्धत होती आणि आधारवर बहुतेकांचे नाव आधी आहे, त्यामुळे नोंद व्यवस्थित असूनही तेथे अडकलेले लोक पुष्कळ सापडतील. म्हणून तपासणी सारथीवरच करावी.

आता क्रमांकाविषयी. सारथीला क्रमांक ठरावीक साच्यात लागतो. राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन अंक, वर्षाचे चार अंक आणि अनुक्रमांकाचे सात अंक, असे एकूण पंधरा. पुस्तकावर वर्ष ‘०६’ असेल तर ते ‘२००६’ करावे लागते, ‘९९’ असेल तर ‘१९९९’. अनुक्रमांक सातपेक्षा कमी अंकांचा असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे डावीकडे, शून्ये लावून सात अंक पूर्ण करायचे. समजा पुस्तकावर एमएच-००/०६/१२३४५ असे लिहिलेले आहे (कोणाचा खरा क्रमांक येथे येऊ नये म्हणून कार्यालयाचा अंक मुद्दाम ०० घेतला आहे), तर भरताना ते ‘एमएच०० २००६००१२३४५’ असे होईल. कार्यालयाच्या अंकांनंतर एक मोकळी जागा सोडायची, किंवा तसे न करता फक्त राज्याच्या अक्षरांनंतर आडवी रेघ द्यायची. दोन्ही प्रकार चालतात. मधे एखादा अक्षरगट असेल तर तो गाळायचा. आपण पाच अंकी अनुक्रमांक आणि दोन अंकी वर्ष तसेच भरले असल्यास नोंद असूनही सापडणार नाही.

भरताना अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि आकडेही इंग्रजीच हवेत. मोबाइलवर मराठी कळफलक चालू राहिला असेल तर आकडे देवनागरीत उमटतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. क्रमांक व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवला असेल तर शेवटी एखादी अदृश्य मोकळी जागा येते, म्हणून तो हाताने टाइप केलेला बरा. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडलेला नाही ना, हेही पाहावे.

१ की ७ या शंकेवर उपाय सोपा आहे. दोन्ही भरून पाहावेत. चुकीच्या अंकाने दुसऱ्या कोणाचा क्रमांक तयार झाला तरी त्याची जन्मतारीख आपल्याशी जुळणार नाही, त्यामुळे त्याचे पान उघडणार नाही आणि आपल्या हातून काही गैरही होणार नाही.

एवढे करूनही सापडले नाही तर जन्मतारखेकडे वळावे, आणि माझा खरा संशय तिच्यावरच आहे. सारथीची सुरुवातीची रूपे त्या त्या कार्यालयातील स्वतंत्र सर्व्हरवर चालत होती. पुढे तो सगळा विदा, म्हणजे साठवलेली माहिती, एका केंद्रीय ठिकाणी आणला गेला. पुस्तकांच्या बाबतीत तर हस्तलिखित नोंदवहीतून कोणीतरी बसून आकडे टाइप केलेले असतात. अशा दोन-दोन स्थलांतरांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. ज्यांचा जन्म १२ तारखेनंतरचा आहे त्यांची अशी चूक यंत्रणेला तेव्हाच खटकते, कारण तेरावा-चौदावा महिना नसतो. १ जूनसारखी तारीख मात्र उलटी केली तरी ६ जानेवारी ही तितकीच खरी दिसणारी तारीख तयार होते आणि ती निमूटपणे पुढे सरकते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेल्यांची एक पिढीच आहे, त्यामुळे ही चूक एकट्यादुकट्याची नसावी.

भरधाव

ताई, एवढा शोध घेण्यापेक्षा एजंट सांगतो तेच बरोबर आहे. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या देता येते, महिनाभराने पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची आणि हातात नवे कोरे कार्ड येते. जुन्या पुस्तकामागे धावून वेळ कशाला घालवायचा?

टिपणवही

मी परिवहन खात्यात अनुज्ञप्ती म्हणजे लायसन्स शाखेत बरीच वर्षे लिपिक होतो आणि आता निवृत्त आहे. वरील सल्ल्याशी मी असहमत आहे आणि तो का मानू नये, ते आधी सांगतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६ नुसार एका व्यक्तीला एका वेळी एकापेक्षा अधिक अनुज्ञप्ती बाळगता येत नाहीत. आज संगणकावर आपली जुनी नोंद दिसत नाही, याचा अर्थ अनुज्ञप्ती दिलीच गेली नव्हती असा होत नाही. मूळ पुस्तक आपल्या हातात आहे आणि कार्यालयाच्या नोंदवहीत तिची ओळ आहे. ती लपवून नवीन अर्ज केला आणि उद्या जुनी नोंद चढवली गेली, तर एकाच नावावर दोन अनुज्ञप्ती उभ्या राहतील आणि त्याचा खुलासा अर्जदारालाच करावा लागेल. शिवाय नव्या अनुज्ञप्तीवर पहिल्यांदा दिल्याची तारीख आजची पडते. खासगी गाडी चालवणाऱ्याला त्याचे फारसे वाटणार नाही, पण चालक म्हणून नोकरी करणाऱ्याचा सगळा जुना अनुभव कागदावरून पुसला जातो, आणि विम्याच्या दाव्यात अनुज्ञप्तीचा इतिहास पाहिला जातो तेव्हा तो अर्धवट दिसतो.

आता मुदतीविषयी, कारण तुमच्या प्रकरणात सर्वांत निकडीची गोष्ट तीच आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १५ प्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्ष किंवा संपल्यानंतर एक वर्ष या काळात करता येतो. हे वर्ष उलटले तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यानंतर तीस दिवस अनुज्ञप्ती चालू धरली जाई, ती सवलतही त्याच सुधारणेने गेली. म्हणजे नूतनीकरण होईपर्यंत तुम्ही गाडी चालवू नये हे उत्तम. तुमची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली, तेव्हा तुमच्याकडे फेब्रुवारी २०२७ पर्यंतचा अवधी आहे. संगणकावर अर्ज स्वीकारला जात नसेल तर नोंद चढवण्याच्या विनंतीसोबतच नूतनीकरणाचा नमुना २ मधील अर्ज, आणि वय चाळीशीपुढचे असल्यामुळे नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र, असे सगळे लेखी द्यावे व आवक शाखेतून तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. मुदतीत अर्ज केला होता हे दाखवायला हातात कागद हवा. खिडकीवर ‘नंतर या’ असे तोंडी सांगितलेले पुढे कोणालाही आठवत नाही.

कार्यालय कोणते, हा तुमचा दुसरा प्रश्न. नूतनीकरण तुम्ही आता राहता तेथे होऊ शकते, पण न चढलेली जुनी नोंद चढवण्याचे काम, ज्याला सगळे बॅकलॉग एंट्री म्हणतात, ते मूळ कार्यालयाचेच असते, कारण नोंदवही त्यांच्याकडे आहे. इथे एक गफलत वारंवार होते. काही तालुके पुढे नव्या कार्यालयाला जोडले गेले. बोरिवली पूर्वी अंधेरीच्या ०२ मध्ये होते आणि नंतर ४७ झाले, कराड साताऱ्याच्या ११ मधून निघून ५० झाले. गाव नव्या कार्यालयात गेले तरी जुन्या अनुज्ञप्तीचा क्रमांक बदलत नाही, म्हणून पुस्तकावर जो अंक आहे तोच भरायचा आणि विचारणाही आधी तेथेच करायची.

कार्यालयात गेल्यावर ‘ऑनलाइन दिसत नाही’ एवढेच सांगू नका, कारण त्यावर ‘सर्व्हर स्लो आहे’ हे उत्तर तयारच असते. नावावरून आणि क्रमांकाच्या वेगवेगळ्या रूपांवरून शोध घ्यावा, अशी विनंती करा. नोंद असेल पण चुकीची असेल तर ती दुरुस्तीची बाब आहे. मुळीच नसेल तर बॅकलॉगची. क्वचित त्या क्रमांकावर दुसऱ्याच व्यक्तीचे नाव चढलेले आढळते, मग मूळ नोंदवही काढूनच निर्णय करावा लागतो. ही तीन प्रकरणे तीन वेगळ्या वाटांनी जातात आणि आपले कोणते, हे माहीत नसताना अर्ज दिला तर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

बॅकलॉगच्या अर्जाला मूळ पुस्तक दाखवण्यासाठी, त्याच्या सर्व पानांच्या छायाप्रती, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र एवढे सोबत ठेवावे. सर्व पाने म्हणजे कोरी दिसणारी पानेसुद्धा. नवा वाहनप्रकार वाढवल्याची नोंद किंवा नूतनीकरणाचा शिक्का कधी कधी अगदी आतल्या पानावर असतो. लिपिक नोंदवहीशी ताडून पाहतो, माहिती भरतो आणि अधिकारी ती मंजूर करतो. त्यानंतरच ती बाहेर दिसू लागते. त्या नोंदवह्या मी हाताळलेल्या आहेत. काही कार्यालयांत आकडे देवनागरीत लिहिले जात, आणि घाईत लिहिलेला १ व ९ यांत फक्त पोटातल्या एका वळणाचा फरक असतो. टाइप करणारा मुलगा बाहेरून कंत्राटावर आलेला असेल तर त्याने ९१ चे ११ केले आणि ते तसेच मंजूर झाले, अशी उदाहरणे असतात. म्हणून तुमच्या शेवटच्या अंकाचा निर्णय पुस्तकावरून नव्हे, नोंदवहीवरून करून घ्या.

माळरान

या चर्चेला जोडूनच विचारतो. माझ्या वडिलांचे लायसन्स १९९४ चे असून त्यावर अवजड वाहनाची नोंद होती. मूळ पुस्तक घर बदलताना गहाळ झाले, क्रमांकही कोणाला पाठ नाही. वडिलांना आता ट्रक चालवायचा नाही, पण चारचाकी चालवण्यासाठी लायसन्स हवे आहे. क्रमांकच माहीत नसेल तर शोध तरी कोणत्या आधारावर घ्यायचा?

टिपणवही

माळरान, आधी क्रमांक असलेला कोणताही जुना कागद शोधा. वडील कोठे चालक म्हणून नोकरीला असतील तर मालकाच्या फायलीत किंवा सेवापुस्तकासोबत अनुज्ञप्तीची छायाप्रत जोडलेली असते. जुन्या अपघाताचा विमा दावा केला असेल तर त्या फायलीत ती हमखास सापडते. पोलिसांनी कधी दंड केला असेल तर त्या पावतीवरही क्रमांक लिहिलेला असतो. चालकाचा बिल्ला असल्यास त्यावरचा अंक हा बिल्ल्याचा असतो, अनुज्ञप्तीचा नव्हे. तो भरून लोक फसतात, तसेच शिकाऊ अनुज्ञप्तीचा क्रमांक भरूनही फसतात. तरीही तो बिल्ला घेऊन जा, कारण त्यावरून नोंदवहीतली ओळ शोधायला मदत होऊ शकते.

काहीच मिळाले नाही तर मूळ कार्यालयाला लेखी अर्ज करून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता आणि अंदाजे महिना-वर्ष कळवा. अनुज्ञप्तींची नोंदवही ठेवणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि २०१९ च्या सुधारणेत कलम २५-अ घालून राष्ट्रीय नोंदवहीचीही तरतूद झाली आहे. तेव्हा आपण मेहेरबानी मागत नाही. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली स्वतः वडिलांच्या नावाने, त्यांच्याच नोंदीची प्रमाणित प्रत मागावी. शुल्क दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘माझे लायसन्स का दिसत नाही’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर देणे टाळता येते. ‘अमुक वर्षाच्या अनुज्ञप्ती नोंदवहीतील माझ्या नावाच्या नोंदीची प्रत द्यावी’ असे मागा.

पुस्तक हरवल्याची पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत ठेवा, दुय्यम प्रतीच्या वेळी ती लागेल. अवजड वाहनाच्या परवानगीची मुदत त्या काळी तीन वर्षांची असे, आता पाच वर्षांची आहे. ती संपून बराच काळ लोटला असेल तर अवजड वाहनाचा प्रकार परत मिळवण्याच्या भानगडीत न पडता हलक्या वाहनापुरतेच पाहावे. त्याचीही मुदत संपून वर्ष उलटले असेल तर वडिलांना चाचणी द्यावी लागेल, पण तीही जुन्या अनुज्ञप्तीच्या नूतनीकरणासाठी.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे वर्षाचे चार आणि अनुक्रमांकाचे सात अंक करून, शेवटी १ आणि ७ असे दोन्ही क्रमांक भरून पाहिले. १ जून १९७८ या तारखेला दोन्ही वेळा नकार आला. मग मूळ कार्यालयात जाऊन टिपणवही यांच्या शब्दांत विनंती केली आणि तेथील बाईंनी खरोखरच नावावरून शोध घेतला. नोंद आहे. शेवटचा अंक ७ आहे आणि जन्मतारीख ६ जानेवारी १९७८ अशी चढलेली आहे. घरी येऊन ती तारीख भरली, तर माझे नाव, फोटोच्या जागी रिकामी चौकट आणि जुना पत्ता असे सगळे पान उघडले.

आता पुढचा प्रश्न असा की, ६ जानेवारी भरल्यावर नूतनीकरणाचा अर्ज पुढे जातो आहे. तसाच भरून टाकला तर काम लवकर होईल, असे घरातल्या सर्वांचे म्हणणे आहे. तारखेची दुरुस्ती नंतर सवडीने केली तर चालेल का?

आकडेमोड

माझ्या मते चालणार नाही. आज ही चूक एका जुन्या नोंदीत आहे आणि तुमच्या हातातले मूळ पुस्तक तिच्याविरुद्ध साक्ष देते. त्याच चुकीच्या तारखेवर नूतनीकरण झाले की, ६ जानेवारी छापलेले अधिकृत कार्ड तयार होईल आणि ते तुम्ही स्वतः ती तारीख भरून मागितलेले असेल. आधारशी तारीख जुळणार नसल्याने डिजिलॉकरमध्येही अडचण येण्याचा संभव आहे. शिवाय मुदत वयावरून ठरते. सध्याच्या नियमाप्रमाणे तीस ते पन्नास या वयात नूतनीकरण केल्यास दहा वर्षे मिळतात, पन्नास ते पंचावन्न या वयात साठी पूर्ण होईपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षे. तुम्हाला आज दोन्ही तारखांनी दहाच वर्षे मिळतील हे खरे, पण पन्नाशीच्या काठावरच्या माणसाला पाच महिन्यांच्या फरकानेही वेगळी मुदत पडू शकते.

टिपणवही

सहमत. सारथीवर जन्मतारीख बदलण्याची सेवा स्वतंत्र आहे. अर्ज उघडण्यासाठी सध्या चढलेली तारीख भरावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण अर्जाचा विषय दुरुस्ती हा असू द्या आणि पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला जोडा, सोबत मूळ पुस्तकाच्या त्या पानाची प्रतही द्या, म्हणजे तुम्ही तारीख बदलून मागत नसून कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे करून मागत आहात हे स्पष्ट राहील. तो अर्ज मंजूर होण्याआधी नूतनीकरणाचा दुसरा अर्ज भरू नका. एक अर्ज प्रलंबित असताना दुसरा अडकतो आणि मग दोन्ही रद्द करून घेण्यासाठी पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. फेब्रुवारीपर्यंत अवधी आहे. दुरुस्ती लांबत चालली असे वाटले तर आधी सांगितल्याप्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या. फोटो नसल्याची काळजी करू नका, नूतनीकरणाच्या वेळी तो नव्याने घेतला जातो.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. उघडलेल्या पानावर वाहनप्रकारांची यादी असते. तिच्यात गिअरची दुचाकी आणि हलके मोटार वाहन हे दोन्ही आहेत का आणि त्यांच्यासमोरच्या तारखा पुस्तकाशी जुळतात का, ते तपासा. टाइप करताना दुसरा प्रकार गाळला गेल्याची प्रकरणे जन्मतारखेच्या चुकांइतकीच आढळतात. तसे असेल तर त्याची दुरुस्तीही नूतनीकरणाच्या आधीच मागा, कारण कार्ड एकाच प्रकाराचे छापून आले तर राहिलेला प्रकार नव्याने वाढवून घ्या असे सांगितले जाते, आणि त्यासाठी पुन्हा शिकाऊ अनुज्ञप्तीपासून सुरुवात करावी लागते.

सांजवारा

आत्ताच पाहिले. हलके मोटार वाहन आहे, दुचाकी नाही. पुस्तकात दुचाकीची नोंद तिसऱ्या पानावर, वेगळ्या शाईत आहे. दोन्ही दुरुस्त्यांचा एकत्र लेखी अर्ज तयार करून, त्या पानाच्या प्रतीसह सोमवारी मूळ कार्यालयाच्या आवक शाखेत देते.